सही एकाची, चाचणी घराची

'ट्रायल' हा शब्द आमच्या पिढीला प्रथम शिंप्याने शिकवला. लग्नसराईत कोट शिवायला टाकला, की आठ दिवसांनी 'ट्रायलला या' असा निरोप यायचा. मग कच्च्या टाक्यांचा, एक बाही नसलेला तो कोट अंगात घालून पुरुषमंडळी आरशासमोर अवघडून उभी राहायची आणि शिंपी खडूने रेघा ओढायचा. पुढे वर्तमानपत्रे वाचू लागल्यावर कळले, की कोर्टातल्या खटल्यालाही ट्रायलच म्हणतात. आता हा शब्द तिसऱ्याच वाटेने घराघरांत शिरतो आहे. घरात कुणाला कॅन्सर होतो, नेहमीचे उपचार होतात, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "एक ट्रायल चालू आहे. तुमची इच्छा असेल, तर त्यात नाव घालता येईल."

या पानावर दिवाळीला फराळाची नाही तर पाहुण्यांची गोष्ट असते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा विषय बदलला आहे, त्याला कारण आहे. वर्षभरात तीन ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न आला. "तुमच्याकडे ट्रायलमध्ये भाग घेतला होता ना? मग आम्ही काय करावे?" याला मी हो किंवा नको असे उत्तर दिले नाही. ते डॉक्टरांनी आणि आजाऱ्याने ठरवायचे असते. पण कागदावर सही झाल्यावर घरावर काय काय येऊन पडते, ते मी सांगू शकते. कागदात त्याविषयी फारसे लिहिलेले नसते.

आमच्या ह्यांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले, वर्ष बरे गेले आणि मानेत पुन्हा गाठ आली. २०२३ च्या जुलैत मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी ट्रायलचा विषय काढला. निम्म्या रुग्णांना नेहमीची इंजेक्शने द्यायची आणि निम्म्यांना त्याच इंजेक्शनांबरोबर रोज एक नवी गोळी, अशी ती चाचणी होती. माहितीचा मराठी कागद बावीस पानांचा होता. "घरी न्या, सावकाश वाचा, मुलांना विचारा," असे डॉक्टरांनी सांगितले, आणि हे मला फार बरे वाटले.

आम्ही तो कागद जेवणाच्या टेबलावर तीन रात्री वाचला. हे जन्मभर हिशेब तपासनीस. प्रत्येक पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. 'यादृच्छिक' या शब्दाशी आम्ही दोघेही अडलो. दुसऱ्या खेपेस इस्पितळातल्या को-ऑर्डिनेटर मुलीने तो उलगडून सांगितला. "आजी, कुणाला कोणता उपचार, हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्ही ठरवत नाही. संगणक चिठ्ठी काढतो." ही मुलगी पुढे आमच्या घरात 'ट्रायलची मुलगी' याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे खरे नाव ह्यांच्याखेरीज कुणाच्या ध्यानात राहात नसे.

चिठ्ठी कशाला, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. डॉक्टरांनीच माणसे निवडली, तर नकळत धडधाकट माणसे नव्या औषधाकडे जातील आणि मग गुण औषधाचा की प्रकृतीचा, हे कधीच कळणार नाही. म्हणून चिठ्ठी. आणि नेहमीच्या गटात पडलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन बसवतात, ही समजूतही बहुतेक वेळा खरी नसते. चालू घडीला जो उपचार मान्य आहे, तो त्याला मिळतो.

दरम्यान वन्सं ठाण्याहून आल्या. त्यांनी चपला दारात काढता काढताच सुरुवात केली, "वहिनी, माझ्या भावाचा उंदीर करताय तुम्ही."

"वन्सं, आधी चहा तरी घ्या."

"चहा नको. मोठमोठ्या कंपन्या गरिबांवर औषधे करून बघतात, हे मी वाचलंय."

वन्संचे भय काही अगदीच हवेतले नव्हते. आपल्या देशात माणसांना नीट न सांगता चाचण्या केल्याच्या तक्रारी झाल्या, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ चे नवे नियम सांगतात ते असे: रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती दिली पाहिजे. त्याला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत. चाचणीने काही अपाय झाला, तर त्यावरचे उपचार विनामूल्य व्हावयाचे, आणि अपाय चाचणीनेच झाला असे ठरल्यास भरपाई मिळावयाची. शिवाय प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते. २००७ पासून देशातल्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे. १५ जून २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची झाली, आणि ती घरबसल्या संगणकावर कुणालाही पाहता येते. बंगळूरच्या आमच्या मुलाने कागदावरचा क्रमांक घालून आमची चाचणी त्या नोंदवहीत शोधून काढली, तेव्हा हे म्हणाले, "आवक-जावक नोंद आहे म्हणजे कार्यालय खरे आहे."

वन्संना मात्र एवढ्याने पटले नाही. तेव्हा हेच त्यांना म्हणाले, "अगं ताई, आज मला जी इंजेक्शने मिळणार आहेत, तीही कधीतरी कुणीतरी अशीच घेऊन बघितली असतील ना? त्याची बहीणही अशीच रागावली असेल." यावर वन्संनी चहा घेतला.

सही ह्यांची एकट्याची. मी शेजारी बसले होते, पण माझ्या सहीला त्या कागदावर जागा नव्हती, आणि ते योग्यच आहे. ज्याचे शरीर, त्याची सही. मात्र त्या दिवसापासून चाचणी घराची सुरू झाली.

चिठ्ठी निघायला चार दिवस लागले. 'तुम्हाला नवी गोळी' असा फोन आला, तेव्हा वन्संनी पेढे आणले. ट्रायलच्या मुलीला मी हे सांगितले, तर ती हसली नाही. म्हणाली, "आजी, नवे म्हणजे चांगले असे आम्हांला ठाऊक असते, तर चिठ्ठी काढली नसती." हे वाक्य मला समजायला पुढचे कित्येक महिने लागले.

दर मंगळवारी आमची डोंबिवलीहून फेरी असे. त्या मंगळवारांत बार्शीच्या एका बाईंची ओळख झाली. त्यांचे यजमान त्याच चाचणीत होते, पण त्यांची चिठ्ठी दुसरी निघाली होती. पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, "तुमचं कोणतं? गोळीचं का बिनगोळीचं?" मी "गोळीचं" म्हणाले आणि दोघी गप्प बसलो. जणू मी त्यांच्या ताटातले काही उचलून घेतले होते. पुढच्या मंगळवारी त्यांनी मला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. "तुमच्यांना तिखट चालत नसेल, तुम्ही खा," म्हणाल्या. बाकाच्या दोन टोकांना दोन चिठ्ठ्या घेऊन बसलेल्या बायकांनी एकमेकींशी कसे वागावे, हे त्यांनी मला शिकवले.

त्या बाईंच्या मनात एक गोष्ट सारखी सलत असे. "आमचा माणूस नुसता मोजायला ठेवलाय." याला उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. नंतर वाचनात आलेली एक हकीकत आज सांगते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० स्त्रियांची एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती बधिर करण्याचे इंजेक्शन दिले. दात काढताना देतात ना, तेच साधे, स्वस्त लिडोकेन. बाकीच्या निम्म्यांना ते दिले नाही. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न मिळालेल्यांत ८६.४ टक्के आणि मिळालेल्यांत ९०.१ टक्के होते. आता यातले ९०.१ हे एकटे घेऊन काय करायचे? शेजारी ८६.४ नसते, तर त्याला काडीची किंमत नव्हती. बिनगोळीवाल्या माणसाने निम्मा निकाल आपल्या अंगावर तोललेला असतो. बार्शीच्या बाईंपर्यंत हा अंक पोचला, तर त्यांनी हे वाचावे.

गोळ्यांबरोबर घरात एक वही आली. छापील रकान्यांची. गोळी किती वाजता घेतली, ताप किती, उलट्या किती, शौचाला किती वेळा, तोंड आले का, पुरळ आले का. रिकाम्या पट्ट्यासुद्धा टाकायच्या नाहीत. मोजून परत द्यायच्या. आमच्या कामवाल्या मावशींनी एक पट्टी केरात टाकली, तेव्हा मी आणि त्या मिळून केराची बादली वर्तमानपत्रावर पालथी घातली होती. पट्टी सापडल्यावर मावशींनी देवाला हात जोडले. बाकी वजनाचा काटा, थर्मामीटर, न्याहारीपूर्वी रक्त द्यायचे म्हणून पहाटेची लोकल, परत येताना थर्मासमधली पेज, या सगळ्याचे एक वेळापत्रकच झाले. ह्यांचे तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नसे. म्हणून सगळे अन्न मिक्सरमधून काढून गाळायचे. एका माणसाच्या एका गोळीभोवती अख्खे घर घड्याळ लावून फिरत होते.

नवी गोळी मोफत होती. जाण्यायेण्याचे भाडेही आमच्या चाचणीत रुग्णाला मिळे. पण सोबतीच्या माणसाची बुडालेली रजा कुठल्याही रकान्यात बसत नाही. आम्हांला पेन्शन होती, निभले. बार्शीच्या बाईंचा मुलगा रोजंदारीवर होता. त्याचा दर मंगळवार जात असे आणि गावाकडून येणारा दर सोमवारही. सही करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. किती फेऱ्या, किती महिने, कोण जाईल, त्याचे काय बुडेल, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात संकोच कसला?

आता खरी गोष्ट सांगते. तिसऱ्या महिन्यात ह्यांच्या चेहऱ्यावर पुरळ उठले आणि जुलाब सुरू झाले. आधी दिवसातून तीन वेळा, मग सहा, मग आठ. मी वहीत लिहायला बसले, तेव्हा ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आठ लिहू नकोस. तीन लिही."

"अहो, असे कसे?"

"आठ वाचले, तर गोळी बंद करतील. गाठ मऊ लागते आहे गं. तूच बघितलीस ना?"

गाठ खरोखर मऊ लागत होती. मी रोज रात्री बोटांनी बघत असे. वाचकहो, ज्यांच्या घरी हे घडले नाही, त्यांना यात काय एवढे, असे वाटेल. पण त्या क्षणी त्या रकान्यात तीनचा आकडा घालणे म्हणजे माझ्या दृष्टीने ह्यांना आणखी काही महिने घालण्यासारखे होते, आणि आठचा आकडा घालणे म्हणजे ते आपल्या हाताने काढून घेण्यासारखे. पेन माझ्या हातात होते आणि हे माझ्याकडे लहान मुलासारखे पाहात होते.

मी म्हणाले, "चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. कुणी आकडा फिरवला, तर रात्र रात्र झोप लागत नसे तुम्हांला. आता आपल्याच घरची वही खोटी लिहायची? आणि हा आकडा वाचून उद्या कुणाला किती गोळी द्यायची, ते ठरणार आहे."

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आठ लिहिले, आणि वहीत दिलेल्या क्रमांकावर रात्रीच फोन केला. सकाळी इस्पितळात नेले, तर अंगातले पाणी इतके कमी झाले होते, की लगेच सलाईन लावावे लागले. गोळी दोन आठवडे थांबवली. मग कमी ताकदीची सुरू केली. गोळी कायमची बंद होईल, हे आमचे भय खरे ठरले नाही. किती त्रासाला किती दिवस थांबायचे आणि मग किती कमी करायचे, हे चाचणीच्या आराखड्यात आधीच लिहिलेले असते. मात्र ह्यांनी माझ्याशी चार दिवस नीट बोलणे केले नाही. पाचव्या दिवशी वही मागून घेतली, सगळी पाने उलटली आणि शेवटी आपल्या जुन्या सवयीने पेन्सिलीची एक बारीक खूण केली. ती खूण 'तपासले, बरोबर' याची असे, हे मला आमच्या संसाराने शिकवले होते.

घर आणि चाचणी यांचे नाते आजचे नाही. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या रोग्यांची एक मोठी चाचणी सुरू झाली. तेव्हा क्षय म्हटले, की सॅनिटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी, अशी समजूत होती. तिथे १९३ रोग्यांत चिठ्ठीने दोन गट पाडले. एक सॅनिटोरियममध्ये ठेवला, दुसरा आपापल्या गरिबीच्या, दाटीच्या घरी. दोघांना गोळ्या त्याच. १९५९ साली निकाल आला, की घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातल्या माणसांना त्यामुळे रोगाची जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. या एका निकालाने जगभरचे क्षयाचे उपचार सॅनिटोरियममधून घरात आले. पण वर्षभर रोज आठवणीने त्या गोळ्या घ्यायला लावणाऱ्या आया-बायका कोण होत्या, हे कुठे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. मी मात्र तो निकाल वाचताना त्यांचाच विचार करीत होते.

आठ महिने गाठ आवरून राहिली. २०२४ च्या मार्चमधल्या छायाचित्रात ती वाढलेली दिसली आणि हे चाचणीबाहेर आले. त्या दिवसाविषयी मला कुणी आधी सांगितले नव्हते, म्हणून सांगून ठेवते. वही परत दिली, उरलेल्या गोळ्या मोजून दिल्या आणि एकाएकी घर रिकामे झाले. मंगळवार नुसता मंगळवार राहिला. रोज कुणीतरी आपल्या माणसाचा ताप विचारीत होते, आता कुणी विचारीत नाही, ही पोकळी फार मोठी असते. म्हणून ज्यांचे नाव चाचणीत असेल, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे, की ही गोळी थांबली तर पुढे काय, दुखणे कमी करणारे डॉक्टर कोण, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. आम्ही हे मार्चनंतर शोधले. वेदनाशामक उपचारांच्या विभागाने पुढचे सहा महिने फार चांगले सांभाळले. तिथले दरवाजे चाचणी चालू असतानाही उघडे असतात, हेही जाणून असावे.

सप्टेंबरमध्ये हे गेले. घरीच, दुपारच्या वेळी, वन्सं आणि मी जवळ असताना.

ऑक्टोबरात ट्रायलच्या मुलीचा फोन आला. चाचणीबाहेर पडलेल्या माणसाचीही दर तीन महिन्यांनी चौकशी करायची, असा नियम असतो. "आजी, आजोबा कसे आहेत?" मी तारीख सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "किती वाजता, ते लिहायचे नाही, पण सांगता का?" मी सांगितले, दोन वाजून दहा मिनिटांनी. तो आकडा कुठल्याही रकान्यात गेला नाही.

औषध गुणकारी ठरले की नाही, हे आम्हांला अजून ठाऊक नाही. शेवटच्या रुग्णाचा हिशेब पुरा झाल्याखेरीज निकाल निघत नाही. निकाल लागला, की मला कळवा, असे मी लेखी देऊन ठेवले आहे. तुमच्या घरी वेळ आली, तर तुम्हीही द्या. गोळी निरुपयोगी ठरली, तरी मला ते कळायला हवे आहे. पुढच्या माणसाला आठ वेळा उठावे लागणार नाही, एवढे तरी त्यातून निष्पन्न होईल.

आता दिवाळीची मंडळी जमतील. ज्या घरात असा कुणी आजारी असेल, तिथे फराळाच्या ताटाबरोबर सल्लेही येतील. कुणी म्हणेल, ट्रायल घेऊ नका. कुणी म्हणेल, घ्याच. सोबत करणाऱ्या बाईला किंवा गड्याला सल्ल्यांची टंचाई मुळीच नसते. त्यांना हवा असतो एक मंगळवार. "या खेपेस मी जातो, तुम्ही घरी झोपा," असे म्हणणारे एक माणूस. आमच्याकडे ते वन्संनी केले. उंदीर म्हणून रागावलेल्या त्याच वन्संनी सप्टेंबरपर्यंत दर महिन्याची एक फेरी आपल्याकडे घेतली, आणि ट्रायलच्या मुलीचे खरे नावही शेवटी त्यांनीच पाठ केले.